साकवाचा कौल

भिकाजीला नाही म्हणता येत नसे, आणि गावाला याचे कौतुक होते. लहानपणी कोणी काम सांगितले की तो मान खाली घालून उभा राही. सांगणारा तो होकार समजून निघून जाई. चोविसाव्या वर्षी तो बांधकाम कचेरीत ओव्हरसियर झाला. एकोणसाठ सालच्या वैशाखात साहेबांनी त्याला त्याच्याच गावी कामावर धाडले, तेव्हाही त्याने अशीच मान खाली घातली.

काम होते जुना साकव उतरवण्याचे. व्हाळावरचा, म्हणजे गावच्या ओढ्यावरचा, तो चिऱ्यांच्या तीन कमानींचा पूल कोणी बांधला, हे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही सांगता येत नसे. मधल्या कमानीला हात जाईल एवढी भेग पडली होती. येत्या पुरात तो कोसळणार, याबद्दल दुमत नव्हते. गावाची संमती घ्यावी आणि गावाच्याच श्रमदानाने तो उतरवावा, असा हुकूम होता. नवा पूल मात्र अर्धा कोस खाली, मोटारीच्या रस्त्याला जोडून व्हायचा होता. तो नकाशा भिकाजीच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला होता.

रवळनाथाच्या देवळात गाव जमला. गावचे मानकरी परशुरामआबा खांबाला टेकून बसले होते. व्हाळापलीकडच्या सहा घरांच्या वतीने मथुराकाकी उभी राहिली. तिची नातवंडे त्याच साकवावरून शाळेत येत.

"साकव काढल्यार आमी येवचा कसा? उडान?"

"तुका वानराची शेपटी लावून देतव गो," बाबली गुरव म्हणाला.

"तुझी काढून दी मेल्या, तुका ती कित्याक व्हयी?"

देऊळ हसले. हसू ओसरल्यावर परशुरामआबांनी विचारले, "नवो साकव हंयच होतलो मां रे, झिला?"

उत्तर भिकाजीच्या ओठांपर्यंत आले. ते उच्चारले असते तर पैलाडची माणसे अडून बसली असती, काम खोळंबले असते, आणि साहेबांपुढे अपयश सांगण्यासाठी उभे राहावे लागले असते. त्याने मान खाली घातली.

"होतलो म्हणता," आबा म्हणाले.

मग बाबलीने देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्यो साकव काढून त्याच जाग्यार नवो बांधूक तुझी मर्जी आसा तर उजवो कौल दी." सारे पाकळ्यांकडे पाहत राहिले. नकाशाला ठाऊक नसलेला पूल देवाला विचारला जात होता, आणि हे त्या गर्दीत एकट्या भिकाजीला माहीत होते. थोड्या वेळाने उजवीकडची पाकळी सुटून खाली आली. मथुराकाकीने हात जोडले.

"देवान सांगल्यार माका काय्येक म्हणूचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच साकवावर नारळ फोडला आणि पहिला चिरा उचलून डोईवर घेतला. संमती मिळाल्याचे पत्र भिकाजीने त्याच दुपारी कचेरीला धाडले. बायका साखळी धरून चिरे काठावर पोचवत, पुरुष पहारीने सांधे सैल करत, आणि तो वहीत चिऱ्यांची संख्या मांडत राही. मान वर केली तर कोणाची तरी नजर भेटेल, एवढीच त्याला धास्ती.

तिसऱ्या दिवशी मधली कमान उतरली. दुपारी सारी मंडळी करंजाच्या सावलीत पेज प्यायला बसली.

"भिकाजी, नव्या साकवाक कठडो जरा उंच घाल हां," मथुराकाकी म्हणाली. "आमचो धाकटो मेलो खंय पण चढता."

तिने ते इतक्या विश्वासाने म्हटले, की आजवर त्याला सांभाळून घेणारे मौन त्याला पुढे पेलवेना.

"हंय साकव होवचो नाय, काकी. तो खाली, रस्त्यार होतलो. नकाशात आधीपासूनच तसो आसा."

कोणाच्या तरी हातातली वाटी खाली टेकली.

"तेव्हाच सांगलं असतंस," मथुराकाकी म्हणाली, "तर मी चिरो उचललंय नसतंय."

"देवाक परत विचारूया," कोणीतरी पुटपुटले.

"काय विचारतलंस?" बाबलीचा आवाज प्रथमच थट्टेवाचून निघाला. "साकव तर गेलो."

संध्याकाळी देवळात कचेरीला अर्ज लिहायचे ठरले. सहा घरांसाठी जुन्या जागी निदान पायवाटेचा पूल व्हावा, असे गावाचे मागणे होते. भिकाजीने लिहिले आणि वाचून दाखवले, "वस्तुस्थितीचा खुलासा करण्यात मजकडून कसूर झाली असून, ग्रामस्थांची संमती अपुऱ्या माहितीवर आधारलेली होती..."

"ह्या माका कळला नाय," मथुराकाकी म्हणाली. "आमच्या भाषेत सांग."

कागदातले ते शब्द भिकाजीने भिंतीसारखे रचले होते, आणि आता तिने त्याला भिंतीबाहेर बोलावले होते.

"तुमी इचारल्यात तेव्हा माका म्हायत होता," तो म्हणाला. "साहेबाक भियालंय. गप रवलंय. तुमका फसवलंय."

"हां," आबा म्हणाले. "आता तसाच लिव."

असे लिहिले तर नोकरी टिकणार नाही, हे त्याला कळत होते. त्याने जुनी ओळ खोडली आणि तसेच लिहिले.

सह्या झाल्या. मथुराकाकीला लिहिता येत नसे. त्याने तिचा अंगठा हातात घेतला, शाई लावली आणि कागदावर टेकवला. उमटला तो केवळ एक काळा ठिपका. त्याने पुसून पुन्हा शाई लावली, पुन्हा तेच. तीन दिवस चिरे वाहून अंगठ्याची कातडी सोलली होती. तिथे उमटायला रेषाच शिल्लक नव्हत्या. शाई उघड्या मांसाला झोंबत असणार, पण तिने हात मागे घेतला नाही.

"जोरान दाब रे," ती म्हणाली. "बायलेसारखो काय धरतंस?"

कोणी हसले नाही. भिकाजीने तो अंगठा तसाच धरून ठेवला. दाबला नाही.