दसऱ्याची ताटं

मित्रांनो, मी भांड्यांवर नावं घालणारी एक जुनी मशीन आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या एखाद्या पातेल्यावर '…यांजकडून सप्रेम भेट' असं लिहिलेलं असतं ना, ते माझ्यासारखीचं काम. देह मुठीएवढा आणि टोकाला एक सुई, पण आवाज असा की माणसं कानात बोटं घालत.

भाईंदरला गोडदेवजवळच्या एका गाळ्यात गुणवंतशेठचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे. तिथे मला दशरथ चालवायचा. अक्षर त्याचं, मी नावाची धनीण. मी नवी असतानाच एकदा टेबलावरून पडले आणि माझी सुई वाकली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रेघेशेजारी एक अंधूक रेघ उमटते. दशरथने दुरुस्तीचं विचारलं तर शेठ म्हणाले, "चलता है रे, कौन देखता है?"

दसऱ्याला शेठ यंत्रांना झेंडूच्या माळा घालत आणि प्रत्येक कामगाराला एक ताट देत. ताटावर कामगाराचं नाव बारीक, शेठचं ठळक आणि खाली साल. गुप्तदान शेठना कधी मानवलं नाही. उत्तनची मॅबेल तिथे भांडी पुसून खोक्यात भरायची. तीही दर दसऱ्याला आपलं ताट घरी न्यायची आणि नाताळात त्यातून शेजाऱ्यांना फराळ वाटायची.

पुढे लेझरची मशीन आली आणि मला माळ्यावर पोत्यांखाली टाकलं. वाईट वाटलं, पण जुन्या यंत्राला कोण विचारतो?

मॅबेलचं काम सोडायचं वय जवळ आलं. तिच्या मुलीने, क्लेअरने, फोनवर आईचं प्रॉव्हिडंट फंडाचं खातं उघडून पाहिलं. मॅबेलची नोकरी चौदा वर्षांची आणि खात्यात वर्षं सहाच. पेन्शनला दहा लागतात. आधीची वर्षं शेठनी सरकारला कळवलीच नव्हती. पगार तेव्हा रोख मिळायचा, त्यामुळे बँकेतही खूण नव्हती.

मॅबेल शेठकडे गेली. शेठ म्हणाले, "तू तो बाद में आयी."

"चौदा वर्सं मी इथंच हाय, शेठ," ती म्हणाली. शेठ फोनवर बोलायला लागले.

तेव्हा मायलेकींनी फंडाच्या कार्यालयात तक्रार केली. त्यासाठी वकील लागला नाही, फी लागली नाही. पुरावा काय, असं विचारल्यावर मॅबेलने फळीवरची ताटं काढली.

चौकशीला फंडाच्या कार्यालयातल्या नीलिमा मॅडम गाळ्यातच आल्या. मॅबेलने पिशवीतून ताटं काढून मांडली. शेठ हसले. "मॅडम, अशी नावं बाजारात कुठेही घालून मिळतात."

मॅडमनी ताटावरच्या दुहेरी रेघेवर बोट ठेवलं. "मग नावं घालायची तुमची जुनी मशीन दाखवा," त्या म्हणाल्या.

शेठनी दशरथकडे पाहिलं. "वो तो भंगार में दिया ना, दशरथ?"

दशरथची नोकरी शेठच्याच हातात होती. समोरच्या ताटांवर मात्र त्याचं स्वतःचं अक्षर होतं. त्याने एका नावावरून बोट फिरवलं.

"नाही शेठ," तो म्हणाला. "माळ्यावर आहे. मीच ठेवलीय."

त्याने मला खाली आणलं, पुसलं, तेल घातलं. मी चालूच झाले नाही तर, या भीतीने माझा जीव सुईत आला होता. पण मी चालले. कोऱ्या ताटावर रेघ उमटली आणि तिच्याशेजारी अंधूक रेघही. मॅडमनी ती मॅबेलच्या पहिल्या ताटाशेजारी धरून पाहिली; दोन्ही अगदी सारख्या होत्या. मग दशरथचा जबाब घेतला. तो दिल्यावर कारखान्यातल्या आणखी दोघींनी आपणहून दिला.

काही महिन्यांनी निकाल लागला. राहिलेल्या वर्षांचा फंड शेठनी व्याजासकट भरावा असा. मॅबेलची पेन्शन वाचली. त्याच संध्याकाळी दशरथने आपला फोन क्लेअरपुढे धरला. "माझं पण जरा बघ ना गं." त्याचीही वर्षं कमी निघाली. मग त्यानेही तक्रार केली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कामाला जात असेल, तर फंडाचं खातं त्यांना एकदा उघडून दाखवा. पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, कामावरचा फोटो, काहीही टाकून देऊ नका. चूक दिसली तर आधी विचारा, नाहीच ऐकलं तर तक्रार करा. आणि शेजारच्या माणसाला साक्षीदार हवा असेल तर मान खाली घालू नका.

मी पुन्हा माळ्यावर आहे. शेठ अधूनमधून मला भंगारात काढायचं म्हणतात. परवा दशरथ वर चढून मला तेल घालून गेला. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "राहू दे, शेठ. माझी चौकशी बाकी आहे."