क्लँक

चौतीस.

पितळी हंडा, जुन्या साडीत बांधलेला.

लाल पेन.

जामनेरहून जळगावला येणारी सातची एसटी, आणि कंडक्टर: “वहिनी, हंड्याचं अर्धं तिकीट काढू का?”

दिपमालाला पास व्हायला पस्तीस हवे होते. जळगावच्या मोठ्या भांड्यांच्या शोरूममध्ये काउंटरवर नोकरीला उभं राहायचं तर इंग्रजीच्या क्लासचं प्रमाणपत्र लागत होतं. एक मार्क कमी पडला तो एका शब्दापायी. ‘क्लँक’चा वाक्यात उपयोग करा. तिने लिहिलं होतं: द पॉट क्लँक्ड, सो वी डिड नॉट सेल इट. रविंद्र सरांनी त्यावर फुली मारली. गाईडातल्या उदाहरणात साखळी होती.

ती घरी येऊन धुमसत बसली, तेव्हा बाजारात तिच्यासोबत भांडी विकणारी तिची सासू भागाबाई म्हणाली, “मंग हंडाच लई जाय ना! वाजाडीसन दखाड त्याले.”

म्हणून दिपमालाने वर्गात आल्या आल्या पेपर आणि हंडा थेट सरांच्या टेबलावर ठेवला. शेजारी डब्यातली पितळी वाटी ठेवली. बोटाच्या गाठीने वाटी वाजवली. आवाज नाचत दारापर्यंत गेला. मग हंडा वाजवला. खट्. आवाज जागच्या जागी मेला.

“तडा आहे,” ती म्हणाली. “डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. बसका, तुटका आवाज. गाईडात अर्थ हाच दिलाय ना?”

“अर्थ बरोबर आहे, ताई. पण उदाहरण साखळीचं आहे.”

“साखळीत पाणी भरता का तुम्ही, सर?”

मागच्या बाकावर स्नेहल फिसकन हसली. सरांनी हंडा स्वतः एकदा वाजवला, मग पुन्हा. कान लाल झाले. लाल पेन काढून हळूच म्हणाले, “मार्क देतो. फक्त ते वाक्य खोडा आणि साखळीचं लिहा. तपासणीला बरं पडतं.”

पेन तिच्यासमोर आलं. एक ओळ, आणि शोरूमचं काउंटर.

“खोडणार नाही,” दिपमाला म्हणाली. “जे रोज वाजवून बघते तेच लिहिलंय. चौतीस तर चौतीस.”

तिने वाटी डब्यात टाकली, हंडा कमरेवर घेतला आणि पेपर तिथेच ठेवून जिना उतरली.

लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारात हा हंडा तिच्या हातून पडला होता. ती तो चांगला म्हणून विकत असताना भागाबाईने वाजवून गिऱ्हाइकाच्या हातातून परत घेतला होता.