मशीनची खांदशेकणी

नागोराव सुताराला कुणी तिरसट म्हटलं तर चालायचं, पण म्हातारा म्हटलं की त्याचा पारा चढायचा. एकोणीसशे एकसष्ट साली छपराची कैची बसवताना पडून त्याचं उजवं मनगट मोडलं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, पांढरकवड्यातल्या आपल्या गल्लीसाठी लाकडी बैल घडवणारा हात थंडावला. पोरांनी त्या साली मारेगावहून आणलेला बैल ओढत नेला. नागोरावाने दार लावून घेतलं, ते मिरवणूक पुढे गेली तरी उघडलं नाही.

म्हणून बासष्टचा बैल म्हणजे त्याच्या जिवाचा प्रश्न होता. पटाशी त्याने डाव्या हाताने साधली. अडलं ते घासण्यावर. दिवसदिवस काचपेपर ओढायचं बळ मनगटात कुठलं?

तिथे गॅरेजवाला वाहिद मिस्त्री धावून आला. नागपूरला मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्याने हवेचा पंप घेतला, त्याच्यासोबत हे मशीन आलं होतं. काचपेपरचा गोल पट्टा. नळीतून हवा सोडली की तो गरगर फिरायचा. मशीन नुसतं धरायचं, दाबायचंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी सालईच्या लाकडावरून ते फिरलं तेव्हा नागोराव लहान पोरासारखा हसला होता.

वाहिदच्या अटी मात्र सासूच्या वरताण. सकाळी आधी पंपाच्या टाकीतलं पाणी सोडायचं, मशीनच्या तोंडात पातळ तेलाचे थेंब टाकायचे, पट्टा बदलताना हवेची नळी काढूनच ठेवायची. नागोरावाची बायको रुखमाबाई डबा घेऊन गॅरेजात यायची आणि हे सगळं कौतुकाने बघायची. विशेषतः ते तेल पाजणं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिने पुतण्याच्या बैलांची खांदशेकणी केली. जू ओढून कढलेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद चोळली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," असं आमंत्रण दिलं. वाटीत तूप उरलं. तिला वाटलं, आपल्या घरासाठी आणखीही एकजण राबलाय.

पोळ्याच्या सकाळी नागोरावाने मशीनचा घोडा दाबला. हवा फुसफुसली, पण पट्टा जागचा हलेना. बैलाचे खांदे घासायचे राहिले होते आणि तान्हा पोळा उद्यावर आला होता. वाहिदने टाकीचं पाणी सोडलं, पट्टा सैल करून पाहिला, शेवटी नळी काढून मशीनच्या तोंडाला नाक लावलं.

"काका, याच्यातून तुपाचा वास काहून येऊन राह्यला?"

तेवढ्यात रुखमाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन दारात आली. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नव्हती. "मीनंच पाजलं. हयद घालून. आवतणबी देलं. उन्हाळ्यापासून राबून राह्यला बिचारा."

"अवं, तो बैल व्हय काय!" नागोराव ओरडला. "उद्या पोरं पुन्हा माह्या दारावरून निघून जातीन!"

रुखमाबाईचं तोंड उतरलं. ताट खाली ठेवत ती म्हणाली, "मले वाटलं, ह्यानंच तुमचा हात वापस देला."

नागोरावाने आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

वाहिदने मशीन खोललं. आतल्या पात्या हळदीच्या चिकट लगद्यात रुतल्या होत्या. "चाची, आज पोळा. आज बैलाले जुपत नाहीत, आंघोळ घालतेत," असं म्हणून त्याने पात्या रॉकेलच्या डब्यात सोडल्या. मग तिघांनी बसून पुरणपोळ्या खाल्ल्या. मशीनच्या वाट्याची वाहिदने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच त्याने पात्या पुसून बसवल्या, तेलाचे थेंब दिले. नागोरावाने देवाचं नाव घेऊन बैलाच्या खांद्यापाशी मशीन नेलं आणि घोडा दाबला. पट्टा गरगरला! पण कुठल्याशा सांदीत दडलेली हळद हवेबरोबर फसकन् बाहेर उडाली आणि फिक्या लाकडावर, नेमकी जू टेकतं तिथे, पिवळीधम्मक बसली.

नागोराव कपाळावर हात मारणार, तोच रुखमाबाई म्हणाली, "आता झाली खरी खांदशेकणी!"

वाहिद पोट धरून हसला. मग नागोरावालाही हसू आवरेना. तो पिवळा डाग त्याने तसाच राखला, बाकीचं अंग घासून काढलं आणि मोडका हात पाठीवरून फिरवून पाहिला. कुठेही लाकडाची कूस लागली नाही.

दुपारी चाकं लावून पोरांनी बैल ओढला. बाजारात बुजुर्ग त्याला थांबवून बघत होते. रंगवलेले बैल खूप होते, पण खांद शेकलेला हा एकटाच! मिरवणूक गल्लीत वळली ती सगळ्यांत आधी नागोरावाच्या दारात थांबली. दार सकाळपासून सताड उघडं होतं. रुखमाबाईने बैलाला ओवाळलं. नागोरावाने उजव्याच हाताने पोरांना खाऊ वाटला. मनगटातून कळा येत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आनंदाच्या भरात तो दोन्हीही विसरला होता.

वाहिदने भीतभीत विचारलं, "चाची, पुढच्या सालीबी मशीनले हयद लावसान काय?"

रुखमाबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"लावू दे तिले," नागोराव म्हणाला. "पन भायेरून!"