फरशीवरची बदामी मोटार

लतानं पदर कमरेला खोचला, चपला कडेला काढून ठेवल्या आणि बदामी मोटारीच्या बॉनेटला दोन्ही हात लावून जोर केला. शेजारचा गोटीराम मिस्तरी डाव्या दिव्याशी होता, त्याचा भाऊ उजव्या. आत स्टिअरिंग धरून बसलेला जयराम मान मागे वळवून "अजून थोडी, अजून थोडी" करत होता. मोटार कुरकुरत मागे सरकली, नळाच्या ओट्याला वळसा घालून रस्त्याच्या तोंडाशी आली आणि तिथून मात्र मोठ्या ऐटीत पुढे निघाली.

कॉलनीत आता लताला सगळे 'रिव्हर्स गियर' म्हणत. नगरपालिकेच्या शाळेत पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण हे नाव तिनं हसून घेतलं होतं. जयरामची मात्र ते ऐकलं की कानशिलं तापत. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये कायम नोकरी असलेला, कॉलनीत पहिली मोटार आणणारा माणूस, आणि त्याची मोटार मागे घ्यायची तर बायकोला चपला काढाव्या लागत.

बाजारात जुन्या गाड्या काही कमी नव्हत्या. नाशिकच्या द्वारका चौकात नुसतं उभं राहिलं तरी दलाल हाताला धरून ओढत. पण जयरामला हवी होती ती हीच. ही मोटार त्याच्या गावच्या बड्या बागाईतदाराची, खंडेरावांची. विंचूरच्या अलीकडे त्याचं गाव. गावात शिरायला ओढ्यावर एक फरशी होती, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी अरुंद, बाजूला कठडा नाही. जयराम लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून त्या फरशीवरून जायचा. समोरून हीच मोटार यायची, लांबूनच भोंगा वाजवायची आणि त्याचे वडील, झुंबर, मुकाट्यानं ओढ्यात उतरायचे. कधी गुडघाभर पाणी, कधी मांडीभर. मोटार गेली की पुन्हा वर. पाण्यात उभं असताना वडील त्याचे घोटे किती घट्ट धरायचे, ते जयराम अजून विसरला नव्हता. ती मोटार विकायला काढलीय असं कानावर आलं, तेव्हा त्यानं दुसऱ्या गाडीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेला डोळेही नसतात, हे त्याला मागाहून कळलं.

व्यवहार खंडेरावांच्या गंगापूर रोडच्या बंगल्यावर झाला. धुऊनपुसून मोटार फाटकाकडे तोंड करून उभी केलेली. गाडीत सुईच्या टोकाएवढा दोष नाही, असं खंडेराव छातीवर हात ठेवून म्हणाले. मग त्यांच्या मातोश्री ताम्हण घेऊन बाहेर आल्या. चाकांखाली लिंबं गेली, नारळ फुटला, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटली. जयराम बौद्ध घरातला, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला. म्हाताऱ्या बाईला नको म्हणवेना आणि त्यात सामीलही होववेना. म्हणून तो हात मागे बांधून आंब्यावरचे पोपट बघत राहिला. हे चाललंय ते आपल्याला दिसतच नाही, असं दाखवण्यात तो एवढा गुंतला, की गाडी नीट बघून घ्यायचीच राहिली. त्यात खंडेराव म्हणाले, आज लक्ष्मीचं पाऊल मागे पडू द्यायचं नाही, सरळ पुढे काढा. ही अवघडलेली वेळ एकदाची टळावी म्हणून जयरामनं ती सरळ पुढे काढली. नारळाचा तुकडासुद्धा त्यानं खाल्ला नाही, आणि तरी शकुनाला तोच फसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मागचा गियर टाकला, तर गाडी नुसतीच गुरगुरली. गोटीरामनं गियरबॉक्स उघडला, आतलं तेल वर्तमानपत्रावर काढलं आणि बोटानं पसरून दाखवलं. तेलात लाकडाचा भुसा होता. मागच्या गियरचे दात पार झिजून गेले होते, बाकीचेही खडखडत होते, आणि तो आवाज दबावा म्हणून कुणीतरी मूठभर भुसा आत कोंबला होता.

"हा काही उडून जात नाही आत," गोटीराम म्हणाला. "घालावा लागतो."

सुटा भाग मुंबईच्या भंगार बाजारात मिळाला तर मिळणार, म्हणजे महिने लागणार. जाऊन खंडेरावांची गचांडी धरावी असं जयरामला फार वाटलं. पण गेला तर गावात बोभाटा. झुंबरच्या पोरानं मोठी हौस केली आणि खंडेरावानं त्याला टोपी घातली, असं पारावर चघळलं जाणार. ज्या गाडीसाठी वडील पाण्यात उतरले, त्याच गाडीपायी त्यांच्यावर हसू ओढवायचं! त्यानं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. गाडी चढावर उभी करायची, म्हणजे आपोआप मागे घरंगळते. दुकानाशी जायचं तर चौक फिरून यायचं. बोळात शिरायचंच नाही. अशा युक्त्यांमध्ये तो इतका तरबेज झाला, की परक्याला संशय येऊ नये.

झुंबरांना हे सगळं ठाऊक होतं. संध्याकाळी ते उभ्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर, कुठे चालल्यासारखे. एकदा मात्र त्यांनी मागणं केलं. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, गावात नव्या विहाराचं उद्घाटन होतं.

"हिच्यातच जाऊ," ते म्हणाले. "एकदा फरशीवरून बसून जायचं हाय मला."

यावर गियरचं कारण सांगायला जयरामची जीभ रेटली नाही.

दसऱ्याच्या सकाळी रस्त्यावरच्या एकूण एक वाहनाला झेंडूच्या माळा होत्या. बदामी मोटारीला पुढे एक छोटा निळा झेंडा होता. झुंबरांनी पांढरं धोतर आणि नवी टोपी घातली होती. गाव जवळ आलं तसा जयरामनं वेग कमी केला. ओढ्याला परतीच्या पावसाचं पाणी होतं, दोन्ही अंगांनी फरशीच्या काठाला लागून वाहणारं. त्यानं गाडी थांबवली, पलीकडचं टोक मोकळं आहे याची दोनदा खात्री केली आणि मगच चाक फरशीवर घातलं.

निम्मी फरशी मागे पडली, आणि पलीकडून भोंगा वाजला.

खंडेरावांची नवी जीप होती. सीमोल्लंघनाला निघालेली, बॉनेटभर झेंडू. समोर अर्ध्याच्या पुढे आलेली गाडी दिसत असूनही ती सवयीनं फरशीवर चढली आणि भोंगा वाजवत थेट नाकासमोर येऊन थांबली. दोन्ही काठांवर नव्या कपड्यांतली, हातात आपट्याची पानं घेतलेली माणसं होती. ती बघत उभी राहिली.

जयरामला मागे खट्ट असा आवाज आला. झुंबरांनी दार उघडलं होतं आणि त्यांचा एक पाय खाली फरशीवर गेला होता. भोंगा ऐकला की पाय उतरायचा. त्यांना त्यात विचार करावाच लागत नव्हता. लतानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आबा, पाय आत घ्या," ती हळूच म्हणाली.

झुंबर स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो आत घेतला.

खंडेराव जीपमधून हात हलवत होते. मोटार जागची हलेना, तेव्हा ते उतरून खिडकीशी आले. आवाज साखरेत घोळलेला होता.

"जयराम, सणाचा दिवस हाय. घे की जरा मागं."

"त्याची गाडी मागं येत नाय का काय?" काठावरून कुणीतरी ओरडलं, आणि हशा झाला.

ज्याला जयराम इतके महिने भीत होता, तो क्षण भर फरशीवर, अख्ख्या गावासमोर आला होता. आता एक शब्द बोललं की झालं. त्यानं वर पाहिलं. खंडेरावांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते काठावरच्या माणसांकडे बघत होते, आणि हसू त्यांच्या ओठांवर नुसतं राहून गेलं होतं. गाडी मागे का येत नाही हे कुणी विचारलं, तर उत्तर त्यांनाही द्यावं लागणार होतं. जयरामला एकदम उमगलं, की गुपित एकच आहे आणि ते फुटण्याची भीती दोघांनाही आहे. पण आधी बोलली ती लता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, आणि अगदी आदरानं.

"अण्णा, तुम्हीच सांगितलं होतं ना, हिचं पाऊल मागे पडू द्यायचं नाही म्हणून?"

आता जयरामनंही खिडकीतून मान बाहेर काढली.

"नाहीतर गाडीत दोष काहीच नाही," तो म्हणाला. "सुईच्या टोकाएवढासुद्धा नाही. हो ना, अण्णा?"

खंडेरावांची इकडे आड तिकडे विहीर झाली. नाही म्हणावं तर आपण भुसा घालून गाडी विकली हे भर दसऱ्याला कबूल करायचं, आणि हो म्हणावं तर आपलाच शब्द राखायला वाट द्यायची. काठावरचा एक म्हातारा म्हणाला की आधी चढला तो मोटारवाला, वाट त्याची. खंडेरावांनी धोतराचा सोगा सावरला.

"हो," ते म्हणाले. "दोष नाय काही."

मग ते जीपमध्ये जाऊन बसले आणि जीप मागे जाऊ लागली. अरुंद फरशी, दोन्हीकडे पाणी, त्यात सगळ्या गावाचे डोळे. जीप इकडे झुकत, तिकडे झुकत, हळूहळू पार टोकापर्यंत मागे गेली. सीमोल्लंघनाला निघालेली गाडी गावाकडे पाठीनं चालली होती. झुंबर पापणी न लववता बघत होते. भोंगा वाजवावा असं जयरामला अनावर वाटलं, पण त्यानं तो वाजवला नाही. मनात मात्र ताशे कडकडत होते. आयुष्यात इतका आनंद त्याला प्रेसच्या नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नव्हता. मोटार दिमाखात जीपच्या शेजारून गेली. खंडेराव सरळ समोर बघत होते.

गावात त्या दिवशी झुंबरांच्या पायाला जमीन लागली नाही. विहारासमोर ते उतरले, वंदना झाली, जेवणं झाली, आणि मग त्यांनी आपल्या वयाच्या एकेकाला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. "बस रं, फिरून ये." जयरामनं विहाराला किती वळसे घातले याची गणतीच नव्हती, सगळे अर्थात पुढच्या पुढे. फरशीवर काय झालं ते झुंबर कुणालाही सांगत नव्हते आणि सगळ्यांना ते आधीच कळलेलं होतं.

उन्हं उतरताना ते परत निघाले. मोटारीची पुढची चाकं फरशीवर चढली, तोच पलीकडून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येताना दिसली. खंडेरावांच्या मळ्यात राबणारी रंगूबाई. भारा एवढा आडवा, की शेजारून निघायला जागा नव्हती. फरशीच्या मध्यावर आली असेल. मोटार बघून ती थबकली, मग कडेला वळली. एका हातानं भारा सावरत तिनं एक पाय पाण्यात घातला.

"थांब," झुंबर म्हणाले. "मागं घे, जयराम."

"आबा, मागे कशी घेऊ?"

त्यांनी तोवर दार उघडलं होतं. या वेळी त्यांचे दोन्ही पाय खाली गेले. ते पुढे आले, टोपी सारखी केली आणि बॉनेटला हात लावून उभे राहिले. लतानं उतरून चपला काढल्या. दोघांच्या जोरानं मोटार जरा हलली आणि काठाच्या चढाला अडली. सकाळचीच माणसं अजून काठावर रेंगाळत होती. त्यांतले चार-पाच जण धावत आले आणि दिव्यांशी, मडगार्डांशी हात लावून उभे राहिले.

"म्हंजी ही मागं येतच नाय?" त्यांतल्या एकानं विचारलं.

"नाय येत," झुंबर म्हणाले. "घेतली तवापासून."

त्या माणसाला सकाळचं सगळं उलगडलं असावं, कारण मोटार ढकलता ढकलताच तो खदखदून हसू लागला, आणि शेजारच्यालाही हसवू लागला. उद्या हे पारावर जाणार हे जयरामला दिसत होतं. स्टिअरिंग धरून, मान मागे वळवून तोही हसत होता.

मोटार काठावर आली. झुंबरांनी धोतराला हात पुसले.

"रंगूबाई," त्यांनी हाक दिली, "पाय वर घ्या. वाट मोकळी हाय."

रंगूबाईला आधी खरं वाटेना. मग तिनं ओला पाय वर घेतला, भारा सावरला आणि फरशीच्या मधोमध, सावकाश चालत ती अलीकडे आली.