मागच्या चाकाचा स्टँड

स्टँड मले घ्यायचाच नव्हता. पण मिनल, माझी पोरगी, मनीषनगरात राहते, तिनं दर रविवारी हुडकेश्वरले माझ्याकडे येऊन तेच लावून धरलं. बाबा, गाडी धूळ खाऊन राहिली, चेन जाम होईन, एकट्यानं साफ कराले स्टँड पाहिजे. अन् चहा ठेवता ठेवता एक प्रश्न, तोही दर रविवारी तोच.

"बाबा, आई जाच्या आधी काही बोलली होती काय? काही दुखते-खुपते?"

"नाही," मी म्हणो. एवढंच. पुढचं बोलणं नको म्हणून टीव्ही लावो.

शामला, माझी बायको, जाऊन चार महिने झाले. पोळ्या लाटता लाटता ओट्याजवळ खाली बसली ते उठलीच नाही. हार्ट, डॉक्टर म्हणाला. तेरवी झाली, लोक येऊन गेले, मले रडू आलं नाही. अजूनही येत नाही. जेवतो, झोपतो, पेपर उलटापालटा करतो. दात काढाच्या आधी सुई देते अन् गाल बधिर होते, तसा मी पुरा बधिर आहो.

अन् पोरीशी खोटं बोलून राहिलो. शामला बोलली होती. दीड महिना तिचा डावा हात दुखून राहिला होता.

आता हे समजाले गाडीचं सांगा लागते. माझ्या मोटरसायकलले मधला स्टँड नाही, कंपनीनं दिलाच नाही, नुसता साइड स्टँड. चेन घासाची तं मागचं चाक उचलून फिरवा लागते. मग मी आंगणात गाडी साइड स्टँडवर लावो, शामला डावीकडून हँडल अन् सीटमागची पट्टी धरून गाडी आपल्याकडे ओढे. गाडी झुकली का मागचं चाक बोटभर उचलते. तेवढ्यात मी ब्रश मारून तेल सोडो. "हलू नको ना वं," मी खेकसो. "मले का मजा येऊन राहिली काय?" ती म्हणे. सात वर्षं असंच चाललं. घरात माणूस असताना स्टँड कायले घ्याचा, हे माझं डोकं.

म्हणून हात दुखते म्हटल्यावर दोघायलेही गाडीच दिसली. ती म्हणाली ओढून ओढून भरला. मी म्हटलं, तेच असन. रोज बाम चोळून दिला. मधात महिनाभर चेन केली नाही तरी दुखे. मुरलेलं दुखणं आहे, हळूहळू जाईन, मीच म्हटलं. डॉक्टरचं नाव दोघायनंही काढलं नाही. हे मिनलले सांगितलं तं ती माझ्या घरची पायरी चढणार नाही. अन् तिच्याशिवाय मले आता आहेच कोण?

गेल्या रविवारी ती मले पिंटूच्या दुकानात घेऊनच गेली. पिंटू पन्नाशीचा, मोटरसायकलचं सामान विकते, बोलाले लागला का थांबत नाही. त्यानं तीन स्टँड काढले. पहिला मजबूत होता, पण त्याच्यासाठी चाकाजवळ वेगळे बोल्ट बसवा लागते. माझ्या गाडीले हात नको लावू म्हटलं. दुसरा इतका हलका का एका हातानं उचलला.

"हा तं कपडे वाळवाचा आहे काय गा?" मी म्हटलं.

तिसऱ्याले दोन रबरी गाद्या होत्या. मागचं चाक ज्या दांडीत बसते तिच्याखाली त्या टेकवाच्या अन् मागचा लांब पाइप खाली दाबाचा, का चाक वर.

"हाच घ्या काका. नवीन आहे तोवर दाबताना एका जणानं गाडी सरळ धराची. काकू आहे ना घरी?"

मिनल काउंटरवरचे तेलाचे डबे पाहाले लागली.

"नाही," मी म्हटलं.

"बरं, सवय झाली का एकट्यानंही जमते. आतापर्यंत कसं करत होते?"

मी सांगितलं.

"साइड स्टँडवर ओढून?" पिंटू हसला. "धरणाऱ्याचा हात भरून येत असन काका."

मिनलचं तोंड उतरलं. मले वाटलं, कळलं हिले. चार महिन्यांत पहिल्यांदा मले काही वाटलं, ते हे भेव. मी घाईघाईनं म्हटलं, तिसरा बांध.

घरी मिनलनं गाडी सरळ धरली, मी पाइप दाबला. काही जोर लागला नाही. चाक उचललं, हात लावला तं फिरलं. इतकं सोपं होतं हे. मी तिथंच फरशीवर बसून राहिलो.

"काय झालं बाबा?"

"बोलली होती तुझी आई," मी म्हटलं. तिच्याकडे पाहाची हिंमत नव्हती. "डावा हात दुखते म्हणे. मी म्हटलं गाडीनं. डॉक्टरकडे नेलं नाही, बाम लावला नुसता. तुले खोटं सांगत आलो. आता काय म्हणाचं ते म्हण."

ती पर्स उचलून निघन, असं वाटलं. पण ती माझ्याजवळ खाली बसली.

"मलेही म्हटलं होतं तिनं, फोनवर," ती म्हणाली. "मी ऑफिसात होती. मी म्हटलं, आई, गाडी ओढून दुखत असन, बाबाले स्टँड घ्याले सांग. डॉक्टरचं मलेही सुचलं नाही. म्हणून दर वेळी विचारून राहिली होती, तुम्हाले तरी ती बोलली काय. तिनं सांगितलं होतं काय तुम्हाले, स्टँडचं?"

शामलानं स्टँडचं नाव कधी काढलं नव्हतं.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मीच नाही आणला."