वसतिगृह नाही, असं मी कधी म्हटलं?

मित्रांनो, मोताळ्याच्या एका महाविद्यालयात, संगणकाच्या खोलीतला पंखा बिघडलेला असताना, गुलाबराव सरांनी घाम पुसत तीन दुपारींत मला घडवलं. मी त्या महाविद्यालयाची वेबसाइट. माणसाचं सोळावं वर्ष धोक्याचं असेल, आमचं सोळावं म्हणजे सरळ म्हातारपण.

जन्मले तेव्हा मी भारी नटवी होते. माथ्यावर लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे धावायची.

प्रवेश सुरू * * प्रवेश सुरू * * प्रवेश सु

(पुढची अक्षरं पडद्याबाहेर असायची. थोडं थांबावं लागायचं.)

त्या काळी शोधयंत्र भोळं होतं. एखादा शब्द ज्या पानावर जास्त वेळा, ते पान त्याला थोर वाटायचं. गुलाबराव सरांना हे कळलं आणि त्यांनी माझ्या पायथ्याशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बुलढाणा उत्तम महाविद्यालय' एकशे चाळीस वेळा लिहून ठेवलं. माणसांना दिसायचं नाही, यंत्राला दिसायचं. वर्षभर मी यादीत पहिली मिरवले. सगळ्यांनी सरांची पाठ थोपटली. मग यंत्र शहाणं झालं. त्यानं लबाडी ओळखली आणि मला एका फटक्यात नवव्या पानावर नेऊन बसवलं. नवव्या पानावर कोण येतं, मित्रांनो?

[हे पान सापडले नाही.]

ती चार वर्षं माझ्याजवळ नाहीत. कुणी काही लिहिलंच नाही, तर मी आठवू काय?

पुढे लोक मला मोबाइलवर उघडू लागले. तिथे माझी अक्षरं मुंग्यांएवढी दिसायची, म्हणून शोधयंत्रानं पुन्हा तोंड फिरवलं. तोवर गुलाबराव सर निवृत्त झाले होते. भूगोलाच्या मंजुश्री मॅडमनी मला सगळं उसवलं आणि मोबाइलच्या मापानं नव्यानं शिवलं. धावती ओळ गेली, चोरटी पांढरी अक्षरं गेली. मी पुन्हा माणसांत आले.

एक गोष्ट मात्र मॅडमना बदलता आली नाही. भालचंद्रबाबूंचा शिक्का. बाबू म्हणजे आमचे मुख्य लिपिक. जावक क्रमांक, सही आणि जांभळा गोल शिक्का नसेल तर ती सूचनाच नव्हे, असं त्यांचं मत. म्हणून प्रत्येक सूचना आधी कागदावर यायची, मग शिक्का नेमका मजकुरावर बसायचा, मग त्या कागदाचा थोडा तिरका फोटो माझ्यावर चढायचा. दोन वर्षांपूर्वी तीस खाटांचं मुलींचं वसतिगृह सुरू झालं, तेही असंच चढलं. मी रुबाबात होते.

यंदा शोधयंत्रानं नवा अवतार घेतला. पूर्वी ते विचारणाऱ्याला माझ्या दारापर्यंत आणून सोडायचं. आता ते स्वतःच वरच्या वर उत्तर देतं. लोक ते वाचतात आणि तिथूनच परत फिरतात. मला जरा एकटं वाटू लागलं होतं, तेवढ्यात जून उजाडला आणि एकटं वाटायला सवडच उरली नाही.

वसतिगृहात सातच मुली राहत होत्या. संस्थेनं ठराव केला की, एकतीस जुलैपर्यंत वीस झाल्या नाहीत तर कुलूप लावायचं. त्या सातांत महामाया होती. तिचं गाव लोणारकडे, तीन एसट्या बदलण्याइतकं लांब. शेवटचं वर्ष. वसतिगृह गेलं की तिची पदवीही गेली.

एके सकाळी ती मोबाइल नाचवत कार्यालयात शिरली.

"मॅडम, हे पाहा! आपल्याकडं होस्टेलच नाही म्हणते हे!"

शोधयंत्रानं ठणकावून सांगितलं होतं: या महाविद्यालयात मुलींच्या वसतिगृहाची सोय नाही. आणि खाली बारीक अक्षरांत साक्षीदार म्हणून माझं नाव!

असं मी कधी म्हटलं?

"मंग दोन वर्सं मी कुठं राहून राह्यली? झाडावर?" महामाया म्हणाली.

बाबू चष्मा पुसायला लागले. "काऊन नाही म्हणते? परिपत्रक टाकलं ना मी. शिक्क्यासकट!"

"त्याले तुमचा शिक्का वाचता येत नाही, बाबू," मॅडम म्हणाल्या. "शिक्क्याखालचंही वाचता येत नाही. त्याच्यासाठी तो नुसता फोटो."

"विद्यापीठाले वाचता येते, अन् याले नाही? अडाणीच आहे म्हणा!"

मॅडमनी मला कानाकोपऱ्यात धुंडाळलं आणि एक विसरलेलं पान उघडलं. सन दोन हजार बारा. प्रश्न: वसतिगृह आहे का? उत्तर: सध्या नाही.

मित्रांनो, मी शरमले. म्हटलं होतं. मीच म्हटलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. माझ्या अख्ख्या अंगावर वसतिगृहाबद्दल साध्या अक्षरांत लिहिलेली तेवढी एकच ओळ होती. बिचाऱ्या यंत्रानं तीच उचलली.

"पुसून टाका ना मंग," महामाया म्हणाली.

"पुसून?" बाबू खुर्चीतून उठलेच. "अभिलेख आहे तो, पोरी! दप्तरातलं कधी पुसत नसतात. रद्द लिहायचं, तारीख टाकायची, सही करायची."

तसंच केलं. 'सध्या नाही' च्या पुढे 'रद्द' आलं, तारीख आली. माझ्यावर असा मान दुसऱ्या कुठल्या ओळीला मिळालेला नाही.

आता नवं उत्तर लिहायचं होतं. बाबू सांगू लागले, "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की..."

महामाया खुदकन हसली. "बाबू, असं कोन विचारते? माही माय काय म्हने, सांगू? ती म्हने, संडास आत आहे का बाहेर?"

मॅडमचे हात थांबले. त्यांनी सातही मुलींना बोलावलं आणि जिच्या तिच्या आईनं पहिल्या दिवशी काय विचारलं होतं, ते लिहायला बसवलं. माझ्यावर उमटलं ते असं:

संडास आत आहे का बाहेर? आत.
गेट किती वाजता लागते? संध्याकाळी सातला.
स्टँडवरून पायी किती? दहा मिनिटं, सामान असेल तर पंधरा.
जेवणात भाकर असते का? मागितली तर रोज.
पाणी येते का? येते. उन्हाळ्यात टँकर.

"टँकरचं कायले लिहिता?" बाबू म्हणाले.

"खरं आहे म्हणून," मॅडम म्हणाल्या.

पण लिहिलं म्हणजे झालं, असं नसतं. शोधयंत्राचा एक फिरस्ता असतो. तो येऊन पानं वाचून नेतो, तेव्हा कुठे उत्तर बदलतं. जिथे वर्षानुवर्षं काही हलत नाही, तिथे तो कशाला रोज येईल? मॅडमनी त्याला 'येऊन पाहून जा' अशी विनंती धाडली. आठ दिवस महामाया सकाळी मोबाइल बघायची आणि मान हलवायची. नवव्या दिवशी कार्यालयात एकच आरडाओरडा झाला.

"आहे म्हणते! बाबू, आहे म्हणते! भाकरीचं पन सांगून राह्यलं!"

मग फोन सुरू झाले. माझ्याकडे माणसं फारशी आली नाहीत, पण वसतिगृहात आली. तीस जुलैला अठरा मुली झाल्या. अजून दोन हव्या होत्या आणि दिवस उरला होता एक.

त्या दुपारी पिंपळगाव राजाहून बनाबाईंचा फोन आला. त्यांची समता बारावी झालेली. बाबूंनी उचलला.

"वाचलं सारं माह्या दिरानं," बनाबाई म्हणाल्या. "पन एक गोष्ट त्याच्यात नाही. पोरगी पहिल्यांदा घराबाहेर राहीन. रडली, त तिच्यापाशी कोन बसन?"

बाबूंनी फोनवर हात ठेवून तो प्रश्न मोठ्यानं सांगितला. यावर कुठलंच परिपत्रक नव्हतं. महामाया सहीसाठी तिथेच उभी होती. तिनं फोन घेतला.

"मी बसन ना, मावशी. महामाया नाव माहं. पहिल्या वर्षी मी पन लय रडली होती. तीन नंबरच्या खोलीत असतो आमी."

मग बनाबाई म्हणाल्या, "बरं बाई."

दुसऱ्या दिवशी समता आली. एकटी नाही. बनाबाईंनी गावात सांगितलं होतं, म्हणून आणखी दोघी तिच्याबरोबर ट्रंका घेऊन उतरल्या. एकवीस! कुलूप संस्थेच्या कपाटातच राहिलं.

संध्याकाळी बाबू मॅडमच्या टेबलाशी घुटमळले. "तो प्रश्न पन टाका वेबसाइटवर. अन् पोरीचं नाव लिहा."

म्हणून माझ्यावरची सगळ्यात नवी ओळ अशी आहे:

पोरगी रडली तर तिच्यापाशी कोण बसेल? महामाया, खोली तीन.

मित्रांनो, शोधयंत्र उद्या आणखी हुशार होईल. तरी ते सांगणार माझ्याकडे लिहिलेलंच, आणि लिहिता तुम्ही. पुढच्या जूनमध्ये महामाया पास होऊन जाईल. तेव्हाही कुठल्यातरी गावातली आई हा प्रश्न विचारील आणि तिला महामायाचंच नाव मिळेल. तसं होऊ देऊ नका. ती जाईल त्याच दिवशी तीन नंबरच्या खोलीत जा आणि तिथे जी असेल तिचं नाव माझ्यावर लिहा.

तिला आधी विचारून.