ज्या रविवारी मी वाटेत थांबलो

मित्रांनो, माझा काठ इतर प्याल्यांपेक्षा जाड आहे. त्याला एक कारण आहे, आणि माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मी पितळेचा प्याला. साठ वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका तांबटाने मला घडवले. शिरोलीकडच्या आमच्या छोट्या चर्चचे तेव्हाचे पाळक त्याच्या दुकानात आले होते. मला ठोकता ठोकता तांबटाने विचारले, "पाळकसाहेब, ह्यातनं पिणार कोण?"

"आमची सगळी मंडळी."

"एकाच भांड्यातनं? कुठल्या कुठल्या जातीची?"

"जी येतील ती सगळी."

तांबटाचा हातोडा थांबला. मग त्याने माझा काठ बाहेरून दुमडला, पुन्हा ठोकला, त्यावरून बोट फिरवून पाहिले आणि म्हणाला, "मग कुणाचाबी व्हट कापाय नको." आतून कल्हई करून त्याने मला स्वच्छ फडक्यात बांधून दिले.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, माझ्यात द्राक्षरस भरत. प्रत्येकाने भाकरीचा तुकडा खायचा, माझ्यातला एक घोट घ्यायचा आणि मला शेजाऱ्याच्या हातात द्यायचे. अशा रीतीने पुढच्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत माझा प्रवास होई. माणसे मी हातांवरून ओळखू लागलो. उसाच्या पाल्याने चिरलेले हात, खडूने कोरडे पडलेले मास्तरीणबाईंचे हात, भट्टीच्या धगीने रापलेले हात. बाहेरगावचे पाहुणे मला पाहून म्हणत, "जुना हाय, पर काय लखलखतोय!" ते श्रेय आमच्या मंडळीतल्या चिमणाबाईंचे. चिंच लावून मला घासणे हे काम त्यांनी चाळीस वर्षे कुणाला करू दिले नाही.

चिमणाबाईंचा मुलगा जोतीराम एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फोरमन होता. मंडळीच्या पंचांपैकीही तो एक होता, आणि चिमणाबाईंच्या हातून मला घेऊन एका बाकाकडून दुसऱ्या बाकाकडे नेण्याचा मान त्याचा होता. त्याच्याच हाताखाली केरबा काम करी. भट्टीतला वितळलेला लोखंडाचा रस मोठ्या डोलाने, म्हणजे टांगत्या बादलीने, साच्यात ओतणे हे त्याचे काम.

या केरबाबद्दल मला थोडे सांगितले पाहिजे. एके काळी तो फार दारू पीत असे. मग ती सोडून तो मंडळीत आला. पहिल्यांदा त्याने मला हातात घेतले तेव्हा त्याचे हात इतके थरथरत होते की चार थेंब त्याच्या सदऱ्यावर सांडले. पुढे वर्षागणिक ते हात स्थिर होत गेले. चौदा वर्षांत त्याने दारूला बोट लावले नव्हते.

एका शुक्रवारी फाउंड्रीत डोल कलंडला आणि तापलेला रस केरबाच्या उजव्या हातावर पडला. त्याची दोन बोटे गेली. कारखान्यात चौकशी झाली तेव्हा जोतीरामने लिहून दिले, "केरबा दारू पिऊन कामावर आला होता."

लोकांनी लगेच विश्वास ठेवला. माणूस पूर्वी पीतच होता की! केरबाची नोकरी गेली. महिन्याभराने पंचांची बैठक भरली. माझे कपाट त्याच खोलीत असल्यामुळे मी सारे ऐकले.

पाळकसाहेब मायेने म्हणाले, "केरबा, चूक माणसाच्या हातूनच होते. कबूल कर. मंडळी तुला क्षमा करील आणि पुन्हा प्रभुभोजनाला घेईल. आमचं तुझ्यावर प्रेम आहे."

"साहेब, मी प्यालो न्हवतो."

"पण चौकशीत आलंय ना."

केरबाने जोतीरामकडे पाहिले. जोतीराम टेबलाकडे पाहत होता. केरबा म्हणाला, "न केलेलं कबूल करू? म्हंजे खोटं बोलून माफी घिऊ व्हय? न्हाय जमायचं मला."

कबुली देईपर्यंत केरबाला प्रभुभोजन नाही, असे पंचांनी ठरवले. त्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला. मी त्याच्या शेजाऱ्यापर्यंत जाई आणि तिथून परत फिरे. दर वेळी कुणीतरी उठून प्रार्थना करी, "प्रभू, आमच्या केरबाची दारू सोडव." प्रार्थना मनापासून असत. लोकांचे डोळे ओले होत. शेवटच्या बाकावर केरबा मान खाली घालून बसलेला असे आणि शेवटी तोही हळूच 'आमेन' म्हणे. तो कशाला आमेन म्हणत होता, ते मला आजही कळलेले नाही.

असे जवळजवळ एक वर्ष गेले.

मग एका शनिवारी सकाळी चिमणाबाई नेहमीप्रमाणे मला घासायला आल्या. जोतीराम खोलीत खुर्च्या लावत होता. त्यांनी मला चिंच लावली, पण हात काही हलेना.

"जोत्या, काल मी केरबाच्या घरला गेलते."

जोतीरामच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"त्येच्याम्होरं बसले आन् इचारलं, बाबा, त्या दिशी प्यालतास का? त्यो म्हणला, न्हाय मावशी. मग मी इचारलं, डोल कसा कलंडला? तर म्हणला, कारखान्यात सांगून बगितलं, कुणी ऐकलं न्हाय, आता ते जोतीरामला इचारा." चिमणाबाईंनी मुलाकडे वळून पाहिले. "म्हणून इचारते. सांग."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होते. मग जोतीराम खाली बसला आणि बोलू लागला. डोल सरळ धरून ठेवणारी पिन झिजली होती. केरबाने दोनदा येऊन सांगितले होते. माल वेळेत पाठवायचा होता म्हणून जोतीराम म्हणाला होता, आजचा दिवस चालव. "आये, खरं लिवलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पोरगीचं शिक्षाण चाललंय."

"केरबाला पोरं न्हाईत व्हय?"

चिमणाबाईंनी मला घासायला सुरुवात केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, पण आवाज करडा होता. "तू माझं ल्येकरू हायस. उद्याबी तुला मीच जेवाय वाढणार. पर ह्यो प्याला तुझ्या हातात द्याय माझा हात धजत न्हाय. उद्या टेबलावरनं तुझा तूच उचल."

दुसऱ्या दिवशी जोतीरामने मला उचलले तेव्हा त्याचे तळवे घामाने निसरडे झाले होते. पहिला बाक झाला, दुसरा झाला. चौथ्या बाकापाशी तो थांबला. तो मागे फिरला, मला टेबलावर ठेवले आणि मंडळीकडे तोंड करून उभा राहिला.

"केरबा प्याला न्हवता," तो म्हणाला. "मी खोटं लिवलं." आणि पिनेची सगळी हकिकत त्याने सांगितली.

मग एक वयस्क पंच उठून म्हणाले, "जोतीराम, बस खाली. उपासनेत ह्ये नको. आपण नंतर खोलीत बोलू."

"बोलू द्या त्येला!" चिमणाबाईंचा आवाज भिंतीवर आपटून परत आला. "वरीसभर केरबाचं नाव सगळ्यांम्होरं घेतलं. आता खोलीत कशापायी?"

जोतीराम शेवटच्या बाकाकडे पाहत म्हणाला, "केरबा, उद्या मी कारखान्यातबी लिवून देतो. मला माफ कर."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मलाही वाटले, आता केरबा धावत येईल, दोघे गळ्यात पडतील. तसे झाले नाही. केरबा उभा राहिला. आपला तीन बोटांचा हात त्याने बाकाच्या पाठीवर ठेवला होता.

"खरं बोललास, बरं झालं," तो म्हणाला. "पर आत्ता माफ केलं म्हणलो तर ते खोटं हुईल. मला जरा येळ लागंल."

त्या दिवशी त्यानंतर मी कुणाच्याच ओठांना लागलो नाही. पाळकसाहेबांनी माझ्यावर फडके झाकले आणि मंडळीसमोर हात जोडून म्हणाले, "केरबा, मी तुला कबूल कर म्हणालो. खरं काय ते शोधलं नाही. ही माझी चूक." मास्तरीणबाई रडू लागल्या, दारूबद्दलची प्रार्थना बऱ्याचदा त्याच करीत.

जोतीरामने दुसऱ्या दिवशी खरेच लिहून दिले. त्याचे फोरमनपद गेले, पंचपदही त्याने सोडले. कारखान्याने केरबाला परत घेतले, भट्टीवर नव्हे, कोठारात. केरबा रविवारी येई, पण माझ्यापासून दूरच राही. मात्र आता त्याच्यासाठी कुणी प्रार्थना करीत नव्हते. लोक त्याच्या शेजारी जाऊन बसत.

पाचव्या महिन्यात केरबा आपणहून पुढे आला आणि जोतीराम बसला होता त्याच बाकावर बसला. माझी पाळी आली तेव्हा त्याने मला डाव्या हाताने धरले आणि उजव्या हाताची तीन बोटे आधाराला लावली. भाजलेली कातडी ताठ आणि गुळगुळीत होती. त्याने घोट घेतला. मग वळून त्याने मला जोतीरामपुढे धरले.

"घे की," तो म्हणाला.

जोतीरामला मला धरता येईना, इतका तो हुंदके देत होता. केरबानेच मला त्याच्या ओठांना लावले. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या जाड काठाचा अर्थ कळला.

आता चिमणाबाई नाहीत. मोठी साथ येऊन गेल्यापासून प्रत्येकाला वेगळी लहान पेली मिळते आणि मी कपाटात असतो. जोतीरामची मुलगी संयोगिता ईस्टरच्या आधी मला बाहेर काढून घासते. माझी आतली कल्हई उडाली आहे. कुणी करून दिली तर बरे वाटेल, पण त्यासाठी मी हे सांगत बसलेलो नाही.

माझ्या मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे. त्या वर्षभरात केरबासाठी शंभर माणसांनी प्रार्थना केली आणि त्यांतल्या एकाच्याही मनात त्याच्याविषयी वाईट नव्हते. पण त्याच्या घरी जाऊन, समोर बसून, खरे काय ते विचारणारी बाई एकच निघाली. मित्रांनो, तुमच्या गावात, वर्गात, मंडळीत कुणाबद्दल असे काही कानावर आले, तर त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण आधी उठा, चपला घाला आणि त्याच्या घरी जा.